शेंदराखालचा नंबर

भाद्रपदाची पौर्णिमा सरली की आमच्या कॉलनीतले कावळे माणसांच्या फार जवळ येतात. एरवी विजेच्या तारेवर बसून आमच्याकडं ढुंकूनही न बघणारे, आता थेट गच्चीच्या कठड्यावर उतरतात, मान तिरकी करून घरात बघत राहतात. आत कोणाचं पान वाढलंय आणि कोणाचं राहिलंय, याची जणू त्यांना खबर असते. या दिवसांतलं ऊनही विचित्र. पाऊस गेलेला नसतो आणि असतोही म्हणवत नाही. दुपारी हवा अशी थांबते, की वाळत घातलेल्या साडीचा काठसुद्धा हलत नाही. अळूच्या भाजीचा, खिरीचा, तळणाचा वास जिन्यात साचून राहतो. आणि मला बोटांच्या टोकांना काहीतरी आठवायला लागतं. डोळ्यांना नाही, बोटांनाच. काहीतरी तेलकट, किंचित उबदार, आणि त्याच्या आत दबलेले उंचवटे.

त्या वर्षीचा पितृपक्ष असा बोटांत राहून गेला आहे.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. वेड होतं ते माझ्या नवऱ्याला, प्रकाशला. वाळूजच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला, त्याच सुमारास त्याच्या हाताखाली काम केलेल्या रामभाऊंनी सांगितलं, ‘साहेब, आमच्या वस्तीवरच्या गोठ्यात एक जुनी मोटार हाय. आज्याच्या टायमाची. भंगारवाला मागतोय, पर आई देत नाय.’ रामभाऊंची वस्ती कन्नडच्या पुढं, घाटाच्या माथ्यावर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. आता थोडी शेती, थोडी नोकरी. प्रकाश गेला, कडब्याच्या गंजीआडून त्यानं ती मोटार पाहिली, आणि घरी आला तो चार घास न जेवताच झोपला. आई भंगारात देत नव्हती, पण ‘चालती करनार असशील तर ने’ म्हणाली, आणि मोटार टेम्पोवर चढून आमच्या कॉलनीत आली.

काळी, विलायती बनावटीची, फुगीर मडगार्डांची. आसनं उंदरांनी खाल्लेली, आत कोंबड्यांची पिसं. प्रकाशनं कित्येक महिने तिच्यावर घालवले. पत्रा ठोकला, इंजिन उघडलं, कुठून कुठून भाग जमवले. ती उजळत गेली तसा मला तिचा त्रास व्हायला लागला. कारण सांगता येत नसे. आमच्या गल्लीतली कुत्री उन्हाच्या वेळी प्रत्येक गाडीखाली झोपतात. हिच्याखाली झोपत नसत. मागची पाटी गंजून कधीच गळाली होती, आणि पुढच्या बाजूला, नंबराची पाटी असते तिथं, फक्त बोल्टांची रिकामी भोकं होती. गंध पुसलेल्या कपाळासारखी ती जागा दिसायची. मी भाजी घेऊन येताना नकळत नजर वळवून घ्यायचे.

सरकारनं तेव्हा नुकतीच जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली होती. गाडीचा मूळ नंबर सिद्ध करता आला तर तोच ठेवता येतो, नाहीतर नव्या मालिकेतला घ्यायचा. प्रकाशला मूळच हवा होता. ‘अगं, तिचं नाव आहे ते. दुसरं कसं लावू?’ आरटीओतले साहेब सज्जन होते. म्हणाले, ‘निजामाच्या काळातली कागदपत्रं आमच्याकडं कुठून असणार? जुनी पाटी सापडली किंवा मूळ मालकाचं कोणी भेटलं, तर बघू.’

म्हणून आम्ही पाटी शोधायला निघालो. पितृपक्षच होता. दौलताबादचा घाट, खुलताबाद, वेरूळ मागं पडलं. कन्नडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारळाची पिवळी फुलं माजली होती, बाजरीची कणसं भरली होती, आणि गवतावर कोळ्यांची जाळी पसरली होती. वस्तीची वाट चुकून आम्ही घाटाच्या दिशेनं थोडं पुढं गेलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समोरून घाट चढून येणारी एसटी एका बाभळीपाशी आली आणि उगाच एकदा हॉर्न वाजवून पुढं गेली. रस्ता मोकळा होता. मागून येणाऱ्या जीपनंही तसंच केलं.

रामभाऊंची आई, सोनाबाई, ओट्यावर बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण डोळे लख्ख. प्रकाशनं पाटीचं विचारताच तिनं आमच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच मागितलं.

‘पाटी हाय,’ ती म्हणाली. ‘मोटारबाबाकडं.’

‘कुठला मोटारबाबा?’

‘त्यो काय. बाभळीखालचा. तुमी आलात त्याच्यावरूनच.’

काठी टेकत ती आम्हाला तिथं घेऊन गेली. बांधाच्या कडेला, गुडघाभर गवतात एक जागा साफ केलेली होती. तिथं दगडाला टेकवून उभं केलेलं काहीतरी होतं. माणसाच्या छातीएवढं रुंद, शेंदरानं इतकं थापलेलं की मूळ आकार उरलाच नव्हता. लिंबू, नारळाची शेंडी, विझलेली पणती. दुपार ऐन माथ्यावर आली होती. बाजरीत एकही पाखरू बोलत नव्हतं.

‘काय आहे हे?’ मी हळू आवाजात विचारलं. का हळू, ते कळलं नाही.

‘तुमची पाटी. पर काढायची नाय बरं. नंबर पायजे तर घ्या बघून.’

‘पण दिसणार कसा, आजी?’ प्रकाश म्हणाला. ‘शेंदूर बोटभर जाड आहे.’

‘मंग बोटानं बघा.’

प्रकाशनं चपला काढल्या, गुडघ्यांवर बसला आणि डोळे मिटून हात लावला. त्या काळातल्या पाटीवरचे आकडे उठावाचे असत म्हणे. त्याची बोटं शेंदरावरून सावकाश सरकत होती. ‘अक्षरं नीट लागत नाहीत,’ तो म्हणाला. ‘आकडे लागतायत. दोन... आठ... एक... हा काय आहे? तू बघ गं. तुझी बोटं बारीक आहेत.’

मला नको होतं. तरी मी बसले. उन्हानं शेंदूर तापला होता. तेलकट, मऊ, उबदार. एखाद्याच्या उघड्या पाठीवर तळवा ठेवावा तसं झालं. त्या मऊपणाच्या आत, खोल, काहीतरी टणक वळण घेत होतं. बोट त्याच्यामागं गेलं, वर चढलं, खाली उतरलं. ‘पुन्हा दोन,’ मी म्हणाले आणि हात काढून घेतला. त्याच क्षणी रस्त्यावरून ट्रक गेला, आणि हॉर्न वाजला. मी एवढी दचकले की सोनाबाईनं माझा दंड धरला.

‘काय नाय, माय. समदेच वाजवत्यात.’

‘कशासाठी?’

‘त्यांना तरी कुठं ठाव हाय. पुढच्यानं वाजवला म्हनून मागचा वाजवतो.’

मी विचारलं, ही पाटी इथं कुणी आणली? गाडी इथं कशी आली? सोनाबाईनं काठी बाभळीच्या मुळाशी टेकवली. मग एवढंच म्हणाली, की पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या मागोमागच्या पित्तरपाठात ही मोटार इथं उभी राहिली. आत कुणी नव्हतं. बाकीचं तिच्या सासऱ्यानं जपून ठेवायला सांगितलं होतं. ‘त्याचं मानूस इचारत आलं तरच सांगायचं. आजवर कुनी आलंच नाय. तुमी त्याचे नव्हं.’

एवढं बोलून ती वळली. परतताना गाडीत प्रकाश सारखा तो नंबर पुटपुटत होता. मी मांडीवरच्या रुमालाला बोटं पुसत होते. शेंदूर निघत होता, ऊब निघत नव्हती.

या शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला पोलीस ॲक्शन, अठ्ठेचाळीस साली भारताच्या फौजांनी निजामाचं राज्य संपवलं ती, हा शब्द जन्मापासून ओळखीचा. पण तो घरात पुरा असा कधी बोलला गेला नाही. मोठी माणसं ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ म्हणत आणि मधल्या जागी थांबत. त्या थांबण्यात काय होतं, ते विचारायचं नसे. आधी एका बाजूच्यांनी सोसलं, नंतर दुसऱ्या बाजूच्यांनी. कोण कुठं गेलं, कोण कुठं नाहीसं झालं, याची उत्तरं अर्धवट राहिली. आता शहराच्या नावाची पाटी बदलली आहे, बदलाव्या तशा पाट्या बदलतातच. पण कधी शहागंजातून किंवा जुन्या दरवाज्याखालून जाताना मला वाटतं, इथं हवेतही ती थांबलेली जागा आहे, आणि आपण तिच्यातून रोज भाजी आणायला जातो.

प्रकाशनं नंबर जुन्या गाड्यांच्या शौकिनांना कळवला. एका मराठी आणि एका उर्दू वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली. कोणी ओळखत असेल तर फोन करावा. मला खात्री होती, कोणी करणार नाही.

फोन मीच उचलला. पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. नमस्कार नाही, सलाम नाही, नाव नाही.

‘अठ्ठाईस सौ बारा किधर है?’

अनेक वर्षं रिकाम्या राहिलेल्या खोलीतून कुणी हाक मारावी, तसा तो आवाज होता. मी कसाबसा पत्ता विचारला.

त्यांचं नाव नफीसा. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. रोशन गेटच्या आत पुतण्याच्या घरी वरच्या खोलीत राहत. आम्ही त्यांना आपा म्हणू लागलो. माझ्याशी मराठीत सुरुवात करून त्या मध्येच आपल्या बोलीत घसरत. वडील वकील होते. लहानपणी खुलताबादच्या उरुसाला जाताना आई सगळ्या मुलांकडून गाडीचा नंबर पाठ करून घेई. गर्दीत हरवलं तर नाव-पत्ता नाही सांगायचा, नंबर सांगायचा, लोक गाडीपाशी आणून सोडतील.

‘मी सहा-सात वर्षांची होते,’ आपा म्हणाल्या. ‘ॲक्शनके बाद घरमें सब डरे हुए. अब्बा बोले, चाळीसगावको जाको आता हूँ. वहाँसे बंबई की रेल मिलती थी. गाडी लेके गए. बस.’

‘मग?’

‘मग काय. कोणी म्हणालं, स्टेशनवर दिसले. कोणी म्हणालं, जहाजात बसले. नंतर खबर आली, कराचीत आहेत, दुसरं घर केलंय.’ त्या हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. ‘अम्मीनं ती खबर मानली. तीस-पस्तीस बरस जगली. बेवा भी नहीं, सुहागन भी नहीं. अब्बा का नाम घरमें लेनेकू मना था. फातेहा भी नहीं पढने दी कभी. जो जिंदा है उसका कायकू, बोलती थी.’

प्रकाशनं त्यांना गाडी कुठं सापडली आणि पाटी बाभळीखाली कशी आहे, ते सांगितलं. मग म्हणाला, ‘आपा, गाडी कायद्यानं तुमची आहे.’ एवढं काम केलेली, नटबोल्टागणिक ओळखीची झालेली गाडी. पण तो थांबला नाही. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा आणून देतो.’

आपांनी मान हलवली. ‘गाडी लेके मैं क्या करूं? वो जगा दिखाव मेरेकू.’

सर्वपित्री अमावस्येला आम्ही निघालो. मुद्दाम नव्हे, आपांच्या पुतण्याला त्या दिवशी जमत होतं म्हणून. ऐनवेळी त्याचंही राहिलं, आणि आम्ही तिघंच आमच्या रोजच्या गाडीतून गेलो. निघण्याआधी आपांनी काळी मोटार बघितली. भोवतीनं एक फेरी मारली, टपावर तळवा ठेवला आणि आमच्या गाडीत येऊन बसल्या. वाटेत खुलताबाद आलं तेव्हा त्यांच्या ओठांची हालचाल मला आरशात दिसली. त्या नंबर म्हणत होत्या. मूल हरवल्यावर म्हणतं तसा.

वस्तीवर सैपाकाचा धूर होता. ज्याच्या जाण्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी ही अमावस्या, आणि सोनाबाईची सून बाभळीखाली ठेवायला भाकरी, आमटी, खीर पत्रावळीवर वाढत होती. सोनाबाईनं आपांना लांबूनच बघितलं. कोणी ओळख करून द्यायच्या आत ती उठून उभी राहिली.

‘तुमी त्याच्या कोन?’

‘बेटी.’

सोनाबाईनं पदर सावरला. ‘लई उशीर केला, माय,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

बाभळीखाली आल्यावर आपा शेंदराच्या त्या आकारासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. त्यांना बोटांनी शोधावं लागलं नाही. हात लावला आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेल्या, त्यांचं बोट त्या त्या उंचवट्यावर पोचायच्या आधी. समोर पत्रावळ होती, तरी एकही कावळा खाली येत नव्हता. बाभळीवर ते ओळीनं बसले होते.

तेव्हा सोनाबाईनं सांगितलं. ती नवी नवरी होऊन त्या वस्तीवर आली होती. एका रात्री रस्त्यावर मोटार येऊन थांबली. सकाळी पुरुष गेले तर आत कोणी नाही. दिवस भीतीचे, कोण कुणाचा, कोण कुणावर धावून येईल, सांगता येत नव्हतं. म्हणून कोणी लांब शोधायला गेलं नाही. दोन दिवसांनी सासरा मेंढरं घेऊन घाटाच्या तोंडाशी गेला, तर ओहोळाच्या वर, झाडाला पाठ लावून माणूस बसलेला.

‘अंगावर वार नव्हता, रगत नव्हतं. नुसता छातीवर हात. बाजूला पत्र्याचा डबा. पान्याला उतरला व्हता बिचारा. इंजान तापलं आसंल.’

आपांनी डोळे मिटले.

‘सासऱ्यानं त्याला उचलून हितं आनला. कुनाला सांगावं तर आमच्यावरच यायचं. मेंढरं घ्यायला एक खाटीक येत व्हता, त्याला इचारलं, तुमच्यात कसं पुरत्यात, तोंड कुनीकडं करत्यात. त्यानं सांगितलं तसं केलं. त्यानंच दोन सबूद बोलले.’ तिनं काठीनं शेंदराकडं दाखवलं. ‘नाव ठाव नव्हतं. मंग सासरा म्हनला, याचं मानूस कधी आलं तर वळखावं कसं? म्हनून मोटारीची पाटी काढून डोस्क्याकडं रोवली.’

मी माझ्या बोटांकडं बघितलं. ज्या उबेवर मी हात ठेवला होता, ती काय होती, हे मला आता कळत होतं, आणि तरी मी मागं सरले नाही.

‘शेंदूर?’ प्रकाशनं विचारलं.

‘त्यो मागनं आला. पोरं ईसरली, देव समजली. आमी नाय म्हनलं नाय. देव हाय म्हनल्यावर नांगर तरी घालनार नाय कुनी.’

आपांनी शेंदरावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. इतका साधा की मला तो आधी कळलाच नाही.

‘गाडी का मुँह किधर था?’

सोनाबाई माझ्याकडं बघू लागली. मी म्हणाले, ‘मोटारीचं तोंड कुठं होतं, विचारतायत. घाटाकडं की शहराकडं?’

‘तोंड?’ सोनाबाईनं काठीनं आपल्या घराकडं दाखवलं. घाटाच्या विरुद्ध बाजूला, जिकडून आम्ही आलो होतो तिकडं. ‘वस्तीकडं की. दिवे चालूच ऱ्हायले व्हते त्याचे. आमच्या कुडावर उजेड पडला व्हता. सासरे म्हनले, हात लावू नका. पहाटंला उजेड पिवळा झाला, मंग लाल, मंग इझला. म्या भ्यायले व्हते. भिताडाकडं त्वांड करून निजले व्हते.’

प्रकाश एकदम म्हणाला, ‘उतरताना इंजिन तापत नाही.’ तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. ‘चाळीसगावकडं जाताना हा घाट सगळा उताराचा आहे. तापतं ते वर चढताना. आपा, ते जात नव्हते. ते घाट चढून आले होते.’

आपांनी त्याच्याकडं बघितलं, मग सोनाबाईच्या काठीनं दाखवलेल्या दिशेकडं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. म्हाताऱ्या चेहऱ्याच्या आतून एक मूल वर आलं, आणि रडायला लागलं. सोनाबाई त्यांच्याशेजारी मातीत बसली. आपांची बोली तिला धड कळत नव्हती. सोनाबाई नुसती ‘व्हय, व्हय’ म्हणत होती. कावळे कधी उतरले, आम्हाला कळलंच नाही. बघितलं तेव्हा पत्रावळ रिकामी होती.

निघताना आपांनी शेंदूर खरवडू दिला नाही. ‘रहने दो. इतने लोगों ने हाथ लगाया है,’ म्हणाल्या. मी विचारलं, इथं त्यांचं नाव लिहायचं का? त्या म्हणाल्या, विचार करून सांगेन. अजून सांगितलेलं नाही. सोनाबाईच्या घरचे अमावस्येला पत्रावळ ठेवतात, आपा जातात तेव्हा फातेहा पढतात, आणि एसटीवाले हॉर्न वाजवतात.

परतीच्या वाटेवर प्रकाशनं भीत भीत विषय काढला. वारस म्हणून त्यांनी सही दिली तर जुना नंबर मिळू शकत होता. आपा खिडकीबाहेर बघत होत्या.

‘गाडी तुम रखो, बेटा. मेहनत तुम्हारी है. पर नंबर दुसरा ले लेव. वो अब गाडी का नंबर नहीं रहा. अब्बा का नाम हो गया.’

प्रकाश वाद घालणाऱ्यांतला आहे. त्या दिवशी त्यानं फक्त मान डोलावली. पुढं गाडीला नव्या मालिकेतला नंबर मिळाला. बोल्टांच्या त्याच भोकांवर ती पाटी बसली, आणि मला त्या जागेकडं बघता येऊ लागलं. कुत्री मात्र अजून तिच्याखाली झोपत नाहीत. का, ते मी विचारायचं सोडून दिलं आहे.

त्या दिवशी शहरात शिरलो तेव्हा उजेड होता. आपा म्हणाल्या, घरी नको, आधी कब्रस्तानकडं घ्या. भिंतीलगत प्रकाशनं गाडी थांबवली. त्या एकट्या उतरल्या. बायका आत जात नाहीत म्हणून त्या फाटकाशीच थांबल्या. दोन्ही हातांनी गज धरले. आत गवत कमरेएवढं वाढलं होतं, कोणती कबर कोणाची, काही दिसत नव्हतं. मला वाटलं, त्या मनातल्या मनात काही पढतील. पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा मास्तरणीच्या आवाजात त्या बोलल्या, आणि रस्त्यावरून चाललेली माणसं थांबून बघायला लागली.

‘अम्मी,’ त्या म्हणाल्या, ‘अब्बा वापस आ रहे थे.’